बाईक आणि छोटं विमान: खरा नाद कलण्याचा आहे का?

सोनेगावकर (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी. आमच्या रविवारच्या रायडिंग ग्रुपमध्ये एक गोष्ट नेहमी दिसते. ज्याला बाईकचा नाद, त्याला छोट्या विमानाचंही वेड. मी दोन्ही करतो: हिमालयन बाईक चालवतो आणि पीपीएल, म्हणजे खाजगी वैमानिकाचा परवाना, काढलेला आहे. बाकीचे पैशापायी किंवा घरच्यांच्या धाकानं उडत नाहीत, पण रामटेक रोडवर चहाला थांबलो आणि वरून सेसना, म्हणजे छोटं विमान, गेली की सगळ्यांच्या माना वर. कारनं येणारे दोस्त मात्र मोबाईलमध्येच.

कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘फ्रीडम, भाऊ!’ मला हे पटत नाही. विमानात कसलं आलंय स्वातंत्र्य? सोनेगावला, म्हणजे आपल्या नागपूरच्या विमानतळावर, इंजिन सुरू करायलाही टॉवरला विचारावं लागतं. मुंबईचं विमान उतरत असलं तर तुमची सेसना मुकाट कडेला उभी. वेग म्हणावं, तर तोही नाही. सेसना १५२ शंभर नॉटच्या आसपास जाते, म्हणजे ताशी १८५ किमी. आकडा मोठा वाटतो, पण तीन हजार फुटांवरून वर्धा रोड जागच्या जागी उभा दिसतो. वेगाची भीती-मजा बाईकवर ८० लाच जास्त.

माझं म्हणणं, खरी गोष्ट कलण्यात आहे. कारमध्ये वळण आलं की अंग बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, डॅशबोर्डवरची किल्ली सरकत जाते. बाईक आत कलते, तुम्ही तिच्यासोबत कलता, आणि वाढलेलं वजन सरळ सीटमध्ये दाबलं जातं. विमानात हुबेहूब तेच. नीट घेतलेल्या वळणात मांडीवरचा पेन हलत नाही, बाहेर क्षितिज तिरपं का असेना.

गणितही एकच आहे. कलण्याचा कोन वेग आणि वळणाची त्रिज्या यांवरून ठरतो. चाकं आहेत की पंख, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० किमीनं गेलात तर साधारण ३० अंश कलावं लागतं. सेसना ९० नॉटला तेवढीच कलवली तर त्रिज्या होते ३८० मीटरच्या आसपास. अंगाला लागणारं मात्र सारखंच: दोन्हीकडे तुमचं वजन सुमारे १५ टक्क्यांनी वाढतं. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना पोटात जे होतं, तेच वर होतं. फक्त सावकाश, आणि जास्त वेळ.

तुम्हाला काय वाटते?

तर्रीबाज | ९:५८

फ्रीडमला इतकं हाणू नका भाऊ. उडायला तासाला पाच आकडी रक्कम लागते आणि आमच्या स्प्लेंडरला शंभराचं पेट्रोल. बँकेच्या खात्यापुरता तरी फरक हाच की बाईकमध्ये फ्रीडम उरते, विमानात ते बी जाते.

घाटवेडी | १०:१५

सोनेगावकर, शंभर टक्के सहमत. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे म्हणून आमच्या ग्रुपातले पोट्टे अजून रडून राहिलेत. मला काडीचं वाईट वाटत नाही. ७०१ किमीचा रस्ता आणि कलायला जागाच नाही, त्याला रायडिंग कोण म्हणेल? त्यापेक्षा छिंदवाड्यावरून तामिया, पुढे पचमढी. तामियाच्या अलीकडची वळणं ज्यानं घेतली त्याला ‘सरळ रस्ता चांगला’ असं म्हणवत नाही.

एक भर घालते. वळण घेताना बाईक आपण फिरवत नाही, हे बहुतेकांना माहीतच नसतं. थोडा वेग असला की उजवीकडे जायला उजवं हँडल पुढे ढकलायचं. चाक क्षणभर डावीकडे जातं, बाईक उजवीकडे पडायला लागते, आणि मग वळते. वर्षानुवर्षं चालवणारे लोकही हे नकळत करतात आणि सांगितलं की भांडतात. विमानात असं काही उलटं असतं का?

सोनेगावकर | १०:२२

असतं तर! उजवीकडे कलवायला लागलं की नाक आधी डावीकडे सरकतं. ते सावरायला पायानं उजवं रडर (शेपटीवरचं सुकाणू) द्यावं लागतं. पहिले काही तास इन्स्ट्रक्टरचं एकच पालुपद: ‘पाय कुठे आहेत? पाय!’

मॅग्नेटो | १०:५०

हवाई दलात इंजिनांवर नोकरी झाली, आता निवृत्त होऊन वायुसेनानगरच्या जवळच राहतो, म्हणून बोलतो. दोन्ही उलट्या गोष्टी सारख्या दिसतात पण कारणं वेगळी आहेत. बाईकचं चाक उलटं गेल्याशिवाय ती कलणारच नाही. तो कलण्याचा उपाय आहे. विमानात नाक उलटं जातं ते खाली झुकलेल्या एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) बाजूच्या पंखाला जास्त ओढ बसते म्हणून. ते नकोसं लटांबर आहे, रडरनं मारावं लागतं. दोन्ही एकाच पोत्यात घालू नका.

पण धाग्याचा मूळ मुद्दा इतिहासालाही धरून आहे. राइट बंधूंचं डेटन गावात सायकलचं दुकान होतं. त्या काळात उडू पाहणारे बरेच लोक विमानाला हवेतली होडी समजत: सुकाणू फिरवलं की वळेल, आणि सरळ ठेवलं की आपोआप स्थिर राहील. राइट बंधू सायकलवाले. तोल आपोआप राहत नसतो, तो चालवणाऱ्यानं सतत राखायचा असतो आणि वळायचं तर कलावं लागतं, हे त्यांच्या अंगात होतं. म्हणून त्यांनी पंखच पिळायची सोय केली. विल्बरनं तर सायकलस्वारांना विचारून पाहिलं होतं की डावीकडे वळताना हँडलचं नेमकं काय करता. हँडल आधी उलटं जातं हे कोणाच्या लक्षातच आलेलं नव्हतं. घाटवेडी ताईंना ज्या भांडणाचा अनुभव आहे, तो विल्बरनं सव्वाशे वर्षांपूर्वी घेतलाय. १७ डिसेंबर १९०३ ला त्यांचं पहिलं उड्डाण १२ सेकंद टिकलं, आणि त्या विमानाचे पंखे इंजिनावरून फिरत होते साखळी आणि दातेरी चक्रांनी.

दुसरा ग्लेन कर्टिस. तो तर मोटारसायकलीच बनवायचा. १९०७ मध्ये फ्लोरिडात आठ सिलिंडरच्या स्वतःच्या मोटारसायकलवर तो ताशी १३६ मैल, म्हणजे २१९ किमीनं गेला. पुढच्याच वर्षी विमान उडवलं. त्याच्या सुरुवातीच्या विमानांत एलेरॉनच्या दोऱ्या वैमानिकाच्या खांद्यांभोवतीच्या जोखडाला बांधलेल्या असत. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूला अंग झुकवायचं, बस. आता सांगा, हा माणूस विमान चालवत होता की बाईक?

एमएच३१ | ११:०५

बीएमडब्ल्यूचा लोगोही फिरणारा प्रोपेलरच आहे ना काका?

मॅग्नेटो | ११:१२

नाही. ते निळे-पांढरे चतकोर बव्हेरियाचे रंग आहेत. १९२९ च्या एका जाहिरातीत तो लोगो प्रोपेलरवर दाखवला आणि तेव्हापासून ही कथा सुटली ती आजपर्यंत. पण कंपनी सुरुवातीला विमानाची इंजिनंच करायची, ते खरं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर त्याची बंदी आली आणि १९२३ मध्ये त्यांनी पहिली मोटारसायकल काढली, आर-३२. आडव्या समोरासमोरच्या सिलिंडरांचं इंजिन. सेसनाचं इंजिनही त्याच जातीचं: आडवं, वाऱ्यावर थंड होणारं. १५२ मध्ये चार सिलिंडर, ३.८ लिटर, ११० अश्वशक्ती, ती बी फक्त २५५० आरपीएमला. एक सिलिंडर म्हणजे बुलेट ३५० ची पावणेतीन सिलिंडरं. त्यामुळे बुलेटवाल्यांना सेसनाचा आवाज घरचा वाटतो, त्यात नवल नाही.

एमएच३१ | ११:३०

बरं. इतिहास मान्य, पण मूळ मुद्दा मला अर्धाच पटतो. कलण्यातच सगळी मजा असती तर लोक जत्रेतल्या पाळण्यावर समाधानी राहिले असते. माझ्या मते ओढ धोक्याची आहे, आणि ते कोणी कबूल करत नाही. दोन्हीकडे चुकलं तर तुम्ही गेलात. कारवाल्याला ते वाटत नाही, म्हणून तो मोबाईल पाहतो.

आणि एक मोठा फरक तुम्ही गाळून राहिले. बाईक थांबवता येते. पाऊस आला, पंक्चर झालं, डोकं फिरलं, तर टपरीवर टेका. विमान थांबवून दाखवा.

घाटवेडी | ११:४१

धोक्याची ओढ असणारे लोक वेगळे असतात हो. ते रात्री फुटाळ्यावर स्टंट करतात आणि सायलेन्सर काढून झोप मोडतात. मी घाटात जाते तेव्हा धोका कमी कसा होईल यातच डोकं गुंतलेलं असतं, आणि मजा त्या गुंतण्यात आहे. पुढच्या वळणावर गिट्टी असेल का, शेण असेल का, ट्रक आतून येईल का. दोन तासात घरचा एकही विचार डोक्यात येत नाही.

बिरसीची_पोर | रविवार, सकाळी ७:२०

गोंदियाजवळच्या बिरसीला सीपीएलचं, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याचं, ट्रेनिंग चालू आहे माझं. सुट्टीला नागपूरला आले की दादाची ड्यूक बाईक पळवते (दादा हे वाचत नाही अशी आशा).

एमएच३१ दादा, विमान थांबत नाही हे खरं, पण ते दगडासारखं पडतही नाही. इंजिन बंद पडलं तरी आमचं छोटं विमान एक फूट खाली येताना सुमारे नऊ फूट पुढे जातं. जमिनीपासून तीन हजार फुटांवर असाल तर आठेक किलोमीटर हातात असतात. त्यामुळे उडताना डोळा सतत शेतं शोधत असतो. सोयाबीन निघालेलं मोकळं वावर चांगलं. काटोलकडे संत्र्याच्या बागा, तिथे नाव काढू नका. विजेच्या तारा कुठे, वारा कुठून, तेही बघायचं. ताई घाटात गिट्टी शोधतात, आम्ही वावर शोधतो. मला तर दोन्ही एकच काम वाटतं.

आणि उडण्याआधीची तपासणी! टाकीच्या तळातून थोडं इंधन काढून बघायचं, पाणी शिरलंय का. विमानाचं पेट्रोल निळसर असतं, पाणी खाली वेगळं दिसतं. ऑइलची डिपस्टिक, टायर, एलेरॉनच्या बिजागऱ्या, सगळं हातानं. हे शिकल्यापासून बाईकची चेन आणि ब्रेक बघितल्याशिवाय निघवत नाही. दादाला वाटतं मला वेड लागलं.

तर्रीबाज | ७:४४

आमच्या इथं प्री-फ्लाइट म्हणजे टाकीचं झाकण उघडून बाईक हलवायची आन कान लावायचा.

मॅग्नेटो | ८:३०

हसू नका, तेच बरोबर आहे! छोट्या विमानात इंधनाच्या काट्यावर विसंबत नाहीत. पंखावर चढून टाकीत पट्टी बुडवून बघतात. सेसना १५२ ला इंधनाचा पंप नसतो. टाक्या वर पंखात, इंजिन खाली, पेट्रोल आपलं आपण उतरतं. तुमच्या जुन्या बुलेटसारखंच. फरक इतकाच की रिझर्व्हचा कॉक नाही.

कार्बोरेटरचंही तेच. बाईक चोक देऊन सुरू करणाऱ्या पिढीला मिक्श्चरची (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी) घुंडी समजावून सांगावी लागत नाही. उंचीवर हवा विरळ होते, पेट्रोल जास्त पडायला लागतं. जुनी कार्बोरेटरवाली बाईक लडाखला नेलेल्यांना विचारा, कशी धापा टाकते. नव्या इंजेक्शनवाल्या गाड्या ते आपोआप सांभाळतात. विमानात हातानं करावं लागतं. आणि दमट हवेत कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो. बाहेर वीस-पंचवीस अंश असले तरी. आत पेट्रोलची वाफ होते आणि हवेचा दाब उतरतो, त्यानं तापमान एवढं उतरतं की पाणी गोठतं. पावसाळ्यातल्या नागपुरात इंजिनाच्या घशात बर्फ! म्हणून तिथे गरम हवा सोडायची वेगळी घुंडी असते.

सोनेगावकर | ९:०५

काका, तापमानाचं निघालंच आहे तर उन्हाळ्याचं सांगतो, हे नागपूरकरांनाच कळेल. सोनेगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटरवर. मे महिन्यात पारा ४५ ला गेला की हवा इतकी पातळ होते की विमानाच्या दृष्टीनं ती धावपट्टी साधारण पाच हजार फुटांवर, म्हणजे दीड हजार मीटरवर असते. चिखलदरा १,११८ मीटर. म्हणजे भर उन्हात आपलं सोनेगाव विमानाला चिखलदऱ्याच्याही वर वाटतं, फक्त थंडी सोडून! इंजिन कमी ताकद देतं, पंख कमी उचलतात, धावपट्टी जास्त लागते. सोनेगावची ३,२०० मीटर असल्यानं सेसनाला तिथे चिंता नाही, पण वर चढताना कंटाळा येतो इतकी हळू चढते. म्हणून उन्हाळ्यात उडणं पहाटेच. आणि रायडिंगही पहाटेच. दहानंतर हेल्मेटमध्ये डोकं शिजतं. दोन्ही छंदांची वेळ एकच निघाली की नाही?

मेडिकल_चौक | ९:३२

हेल्मेटचा विषय निघाला म्हणून डॉक्टरच्या भूमिकेतून. एमएच३१ म्हणतात त्या धोक्याबद्दल थोडे आकडे हवेत, नुसती ‘ओढ’ नको. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक गेले आणि त्यात सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे. अमेरिकेत छोट्या विमानांच्या दर एक लाख उड्डाण-तासांमागे साधारण एक जीवघेणा अपघात होतो. म्हणजे तीही काही एसटीएवढी सुरक्षित सवारी नाही. पण छोट्या विमानाच्या अपघातात बहुतेक वेळा वैमानिकाचा निर्णय असतो: हवामान बिघडलं तरी गेला, इंधन मोजलं नाही. दुचाकीवर मात्र बरेचदा दुसऱ्याच्या चुकीनंही माणूस जातो. उलटा येणारा ट्रॅक्टर, अचानक उघडलेलं दार, रस्त्यात बसलेली गाय. आणि आपल्याकडे संक्रांतीला नायलॉन मांजा. बंदी असूनही दर जानेवारीत गळे कापलेले येतात आमच्याकडे.

हेल्मेटमागेही विमान आणि बाईक दोन्ही आहेत. टी. ई. लॉरेन्स, अरबस्तानातल्या बंडामुळे गाजलेला, नंतर ब्रिटिश हवाई दलात साध्या हुद्द्यावर राहिला. वैमानिक नव्हता, पण ब्रफ सुपिरियर मोटारसायकलींचं विलक्षण वेड. मे १९३५ मध्ये मोटारसायकलवरूनच पडला, डोक्याला मार लागला आणि काही दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा न्यूरोसर्जन होता. त्यानं पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, आणि १९४१ मध्ये ब्रिटिश सैन्यात मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. तेव्हा हेल्मेट हातात अडकवून फिरणाऱ्यांनो, ते कोपर वाचवायला केलेलं नाही.

एमएच३१ | १०:१०

डॉक्टर, आकड्यांबद्दल धन्यवाद, पण त्यातून माझाच मुद्दा निघतो. विमानात धोका तुमच्या हातात, बाईकवर दुसऱ्याच्या. मग ‘दोन्ही एकच’ कसं? बाईकवाला नशिबावर हवाला ठेवतो, वैमानिक तपासणीच्या वहीवर.

घाटवेडी | १०:२४

म्हणूनच आम्ही शहराबाहेर जातो ना दादा! व्हरायटी चौकात कोण मजेसाठी बाईक चालवतं? पेंचच्या रस्त्यावर पहाटे सहाला गर्दी नसते, तिथे धोका बऱ्यापैकी आपल्याच हातात येतो. ज्या रस्त्यावर रायडिंग विमानासारखं होतं तोच रस्ता आम्हाला आवडतो, असंही म्हणता येईल.

जुनं_नागपूर | ११:००

थोडं अवांतर. सोनेगावला विमानांचं वेड नवं नाही. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास चारी दिशांची विमानं मध्यरात्री नागपुरात उतरत, टपालाच्या थैल्या बदलत आणि पहाटेपर्यंत परत जात. वडील सांगत, इंजिनांच्या घरघरीवरून कोणतं विमान कुठून आलं ते जुने लोक ओळखत. आता कोणी पोरगा आवाजावरून यामाहा की येझदी ओळखतो तसंच. चालू द्या.

दोन_पोरांचा_बाप | ११:४५

सगळं वाचलं आणि घाम फुटला. मोठा सोळाचा झाला. बाईक पाहिजे म्हणून मागे लागलाय आणि काल म्हणे ‘नाहीतर विमान शिकतो’. मी हसण्यावारी नेलं. खरंच जमतं का या वयात?

बिरसीची_पोर | दुपारी १२:१०

काका, गंमत ऐका. गिअरची बाईक कायद्यानं अठरा पूर्ण झाल्याशिवाय नाही. सोळाला फक्त ५० सीसीपर्यंतची, बिनगिअरची. पण विद्यार्थी वैमानिकाचा परवाना सोळाला मिळतो! दहावी पास आणि वैद्यकीय तपासणी लागते. इन्स्ट्रक्टरनं तयार आहे म्हटलं तर तो एकटा सेसना उडवेल, आणि घरी बसनं येईल. पीपीएल सतराला, किमान ४० तास उड्डाण. सीपीएल अठराला, २०० तास.

दोन_पोरांचा_बाप | १२:१८

म्हणजे विमान चालते पण पल्सर नाही?

बिरसीची_पोर | १२:२०

हो ना काका, कायदा असाच आहे.

तर्रीबाज | १२:२६

काका, पोराला सांगा विमानच शीक. पेट्रोलचे पैसे तुमचेच जाणार, पण निदान दारात सायलेन्सरचा आवाज नाही.

सोनेगावकर | १२:५५

काका, एक सुचवतो. पैसे भरण्याआधी त्याला एकदा इन्स्ट्रक्टरसोबत वर नेऊन आणा आणि पहिलं तीस अंशांचं वळण घेतलं की तोंड बघा. काही पोरं त्या क्षणी सीट घट्ट धरतात आणि अंग उलट बाजूला ताठ करतात, कारच्या सवयीनं. काही आपोआप सोबत कलतात. बाईकच्या मागच्या सीटवर पहिल्यांदा बसलेला माणूसही असाच ओळखू येतो. जो वळणावर उलटा ताठतो त्याला घेऊन घाटात जाणं शिक्षा असते. ताठणारा शिकत नाही असं नाही, वेळ लागतो इतकंच.

एमएच३१, वही आणि नशीब हा फरक मी धरतो. त्यामुळेच बहुधा मला उडून आल्यावर शांत वाटतं आणि रायडिंगवरून आल्यावर भूक लागते. कलण्याच्या मुद्द्यावर मात्र हटणार नाही.

मॅग्नेटो | दुपारी १:३०

सोनेगावकर, कलण्याचा अतिरेक कुठे नडतो तेवढं लिहा म्हणजे पोरं वाचतील. साठ अंशांत वजन दुप्पट होतं आणि विमानाचा स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख उचलत नाहीत) ४१ टक्क्यांनी वाढतो. उतरताना धावपट्टी हुकली म्हणून खाली, हळू वेगात, जास्त कलवून वळायला गेला की पंख उचलणं सोडतो. बाईकवाला घाटात वळण रुंद गेलं की घाबरून ब्रेक दाबतो, तीच गत. दोघांनाही त्या वेळी वेग किती आहे हे आधीच माहीत असायला हवं.

घाटवेडी | २:०५

काका, यावर वेगळा धागा काढा ना, वळणात ब्रेक या एकाच विषयावर. पुढच्या रविवारी आम्ही साडेपाचला झिरो माइलवरून निघतोय, खिंडसीपर्यंत. एमएच३१, तुम्ही पण या, कारनं आलात तरी चालेल. नाश्ता तर्रीबाजकडे लागला.

तर्रीबाज | २:०७

कोण म्हणते?